परसातली सातेरी: मुलाबाळांच्या घरातली पहिली पेटी

परसात मधमाशीची पेटी ठेवायची म्हटलं की घरात दोन तट पडतात. एकाला बरणीभर घरचा मध दिसायला लागतो, दुसऱ्याला सुजलेला गाल. दोघांनाही एकच सांगणं: पहिलं वर्ष मध विसरा, आणि डंखाची तयारी पेटी येण्याआधीच करून ठेवा. मग उरतं ते बघण्याचं काम, आणि त्यात मुलं मोठ्यांच्या पुढे असतात. लहान मुलांच्या घरात पेटी कमी उघडायची आणि तिचं दार जास्त बघायचं, ही शिस्त लागली की बाकीचं सावकाश जमत जातं.

पुढचं सगळं घाटमाथा, कोकण आणि पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या घरांना धरून लिहिलंय. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा कडक, तिथे सावली आणि पाणी हे दोन मुद्दे दुपटीने मनावर घ्या.

माशी कोणती?

इमारतीच्या टाकीखाली किंवा वडा-पिंपळावर उंच लटकलेलं एकच मोठं पोळं असतं, ती आग्या. ती उघड्यावरच राहते, पेटीत राहत नाही आणि तिच्या वाटेला जायचंही नाही. मुलांना हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. झुडपातल्या फांदीला तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. तीही पेटीतली नव्हे. पेटीत राहते ती सातेरी, आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या भगदाडात अंधारात ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच चौकटींच्या पेटीत, एकेका लाकडी चौकटीत एकेक पोळं बांधून, तिला राहता येतं. युरोपियन मेलिफेरा मोठी आणि मध जास्त देणारी खरी, पण तिला फुलोरा कमी पडला की पेट्या ट्रकमध्ये घालून फुलांमागे हिंडवावं लागतं. सूर्यफूल, मोहरीच्या शेतांमागे फिरणाऱ्या व्यावसायिकांसाठी ती ठीक. परसात सातेरीच बरी.

एक पाचवीही आहे: डंख नसलेली ट्रायगोना. मुंगीएवढी काळी माशी, भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर काढून राहणारी. घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल, किंवा फ्लॅटची गॅलरी एवढीच जागा असेल, तर माझं मत सरळ तिच्याकडे जातं. मध वर्षाकाठी थोडासाच मिळतो, पण मूल नळीला नाक लावून बसलं तरी काळजी नाही. दोन वर्षं ट्रायगोना, मग सातेरी, हा क्रम घाबरट आईबापांनाही पेलतो.

शेजारी आधी, पेटी नंतर

हे टाळलं जातं आणि भांडणं इथूनच सुरू होतात. मधमाश्या हवेत उडतानाच शी करतात. त्याचे पिवळे ठिपके शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर आणि गाडीच्या काचेवर पडतात. संध्याकाळी पेटीजवळ ट्यूबलाइट असेल तर काही माश्या दिव्याकडे जातात, आणि तो दिवा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातला असला तर पुढचं सांगायला नको. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाका. शेजारी कुणाला डंखाची मोठी ॲलर्जी आहे का, तेही विचारा. सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्या.

शेजाऱ्यांकडून एक गोष्ट मागूनही घ्या: कीटकनाशक फवारायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा म्हणावं. नगरपालिकेची डेंग्यूच्या धुराची गाडी येणार असेल तेव्हाही हेच. अशा संध्याकाळी माश्या आत परतल्यावर दाराला बारीक जाळी लावायची, पेटीवर ओलं गोणपाट टाकायचं, पण हवा कोंडायची नाही. धूर विरला की जाळी काढायची.

शिकायचं कुठे?

वाचून पोहता येत नाही तसंच हे. पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे; मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या-साहित्यावर ५० टक्के अनुदान असतं आणि हौशी लोकांसाठी वेगळ्या छंद प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करा. मुलांना घेऊन एखादी सहल करायची तर महाबळेश्वरजवळचं मांघर बघा. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावानंही पुढे तीच वाट धरली. अशा गावातल्या मधपाळाच्या मागे तासभर उभं राहिलं की पेटी किती शांतपणे उघडतात ते कळतं, आणि ते शब्दांत कुणालाच सांगता येत नाही.

जागा

सकाळचं कोवळं ऊन दारावर येईल आणि दुपारी झाडाची सावली पडेल अशी जागा. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला. पेटीसमोर ये-जा, झोपाळा, क्रिकेटची खेळपट्टी यातलं काही नको. समोर आठ-दहा फूट मोकळी जागा नसेल तर दारापासून थोड्या अंतरावर पुरुषभर उंचीचं कुंपण करा. जास्वंदाचं चालेल, हिरव्या शेडनेटचंही चालेल. त्याने माश्या दारातून निघताच वर उचलून उडतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. एवढ्याशा उपायाने निम्मे डंख टळतात असं माझं मत आहे.

पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या हा सातेरीचा मोठा वैताग आहे, त्यापायी आख्खी वसाहत पेटी सोडून जाते. वाट्यांतलं पाणी बदलणं हे मुलांचं पहिलं काम; डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर चार दिवसांनी. जवळच एका पसरट थाळीत खडे टाकून पाणी ठेवा. खडे हवेतच, नाहीतर माश्या बुडतात. हे पेटी यायच्या आधीपासून ठेवलेलं बरं, म्हणजे शेजाऱ्यांच्या नळावर जायची सवय त्यांना लागत नाही.

सातेरी पेटीपासून साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरवर चरते, त्यामुळे आपल्या चार कुंड्यांवर तिचं पोट भरणार नाही. गल्लीत, टेकडीवर, शेतात काय फुलतं ते आधी बघून या. तरी कुंडीत तुळस आणि सब्जा फुलू द्या, कोथिंबिरीचा एक वाफा न खुडता सोडा, शेवगा असेल तर उत्तम.

सामान

सातेरीची पेटी वेगळी, मेलिफेराची वेगळी. चौकटींचं माप आणि मधलं अंतर दोन्हींत फरक असतो. ऑनलाइन स्वस्तात दिसली म्हणून उचलू नका. पेटीत खाली तळपाट, त्यावर पिलाव्याची कोठी, तिच्यात अंडी-पिल्लं आणि घरखर्चाचा मध. त्यावर हंगामात चढवायची मधकोठी. मग आतलं आणि बाहेरचं झाकण. याशिवाय माश्यांना धूर द्यायचं धुराडं, तोंडावरची जाळी, चौकटी सुट्या करायला चपटी पट्टी, मऊ ब्रश. जाळी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाची घ्या. मोठ्यांची जाळी मुलाच्या खांद्यावर नीट बसत नाही, खालून फट राहते आणि माशी नेमकी तिथूनच आत शिरते. मधयंत्र, म्हणजे चौकट फिरवून मध काढायचं यंत्र, विकत घेण्याची घाई नको, पहिल्या वर्षी ते माळ्यावर धूळ खात पडतं.

वसाहत कधी, कशी?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा रानात फुलं असतात, वसाहत सावरते आणि जांभूळ-हिरड्याच्या वसंतातल्या बहरापर्यंत भरते. मे अखेरीस पेटी आणणं म्हणजे उपाशी पाहुणा घरी आणणं.

जवळच्याच मधपाळाकडून चार-पाच चौकटी माश्यांनी झाकलेल्या, त्यातल्या दोन-तीनमध्ये पिलावा आणि अंडी घालणारी राणी अशी वसाहत घ्या. चौकट उन्हाकडे धरून घराच्या तळाशी बघा: पांढरं, बारीक, उभं अंडं, एका घरात एकच. अंडं तीन दिवसांत उबतं, त्यामुळे अंडी दिसली की गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती हे नक्की. राणी शोधत बसायची गरज नाही. भिंतीतली वसाहत पकडून पेटीत घालणं हे तरबेज हातांचं काम आहे, नवख्याने मुलांसमोर करून दाखवायचं नाही.

वाहतूक रात्री. सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी, पेटीला दोरी, आणि गाडीत चौकटी गाडीच्या लांबीशी समांतर राहतील अशी ठेवायची, नाहीतर ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटतात. जागेवर ठेवली, थोडा वेळ स्थिरावू दिली, की दार उघडायचं. त्यानंतर पेटी हलवायची नाही. माश्या जागा लक्षात ठेवतात. अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवली तर चरून आलेल्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालत बसतात.

पहिले आठ दिवस उघडायचीच नाही. सातेरी त्रास झाला की घर सोडते, हा तिचा स्वभावच. मेलिफेरा सांभाळणारे जे सहज करतात ते तिच्याबाबतीत चालत नाही.

दारापाशी बसायचं

बसायचं दाराच्या बाजूला, चार-पाच फुटांवर; समोर कधीच नाही. सकाळी नऊच्या सुमाराला बसलं की दहा मिनिटांत काही ना काही दिसतंच. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या येतात, रोज वेगळ्या रंगाचे. मुलांनी वहीत तारीख घालून रंगीत पेन्सिलीने नुसता ठिपका काढायचा आणि मग गल्लीत हिंडून तो रंग कुठल्या फुलातला ते शोधायचं. सूर्यफुलाचा नारिंगी-पिवळा लवकर ओळखू येतो, पुढचे त्यांचे त्यांनी शोधू देत. आमच्याकडे ही वही सहा महिन्यांत गृहपाठाच्या वहीपेक्षा नीटनेटकी झाली, त्यावर मी काही बोललो नाही.

उकाड्यात दारात काही माश्या एका जागी पाय रोवून पंख मारत उभ्या दिसतील, घर थंड करायला. त्यांचं तोंड कुठे आहे ते मुलांना बघायला सांगा. सातेरीचं तोंड बाहेर असतं, ती बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा तोंड दाराकडे करून आतली हवा बाहेर काढते. गांधीलमाशी घिरट्या घालायला लागली की दारातल्या सातेऱ्या अंग हलवून लाटेसारख्या थरथरतात. ती फारच जवळ आली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गोळा करून अंगाच्या उष्णतेनेच तिला मारतात. हे दिसलं तर अभ्यास, जेवण, सगळं थांबवा. दुपारी कोवळ्या माश्यांचा घोळका दाराकडे तोंड करून हवेत तरंगताना दिसतो. ती चढाई नव्हे. नव्या माश्या घराची जागा पाठ करत असतात.

एक प्रयोग घरच्या घरी होतो. निळा आणि लाल कागद पेटीपासून लांब ठेवा, बाटलीच्या झाकणात साखरपाणी फक्त निळ्यावर. माश्या यायला लागल्या की झाकणं धुवून कोरडीच ठेवा आणि कागदांच्या जागा बदला. निळ्यावर येतात. लाल त्यांना रंग म्हणून दिसत नाही. कार्ल फॉन फ्रिश यांनी असेच रंगीत पुठ्ठे वापरून मधमाशीला रंग कळतात हे सिद्ध केलं होतं. मधमाशीच्या नाचाचा अर्थही त्यांनीच उलगडला आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रयोग आटोपला की साखरपाणी उचलून टाका, अंगणात उघडं ठेवू नका.

वयाचं म्हणाल तर सहा वर्षांपर्यंत मोठ्यांच्या हाताला धरून बघणं. सात ते दहा, वही आणि पाणी. दहाच्या पुढे, जाळी घालून धुराडं धरणं. मूल नको म्हणालं तर नको, हौस आपली असते.

डंख

बसणारच. पेटी येण्याआधी घरात सगळ्यांना हे पाठ हवं: हात झटकायचे नाहीत, किंचाळायचं नाही, शांतपणे मागे फिरून घरात जायचं. नांगी नखाने खरवडून लगेच काढायची, उशीर करायचा नाही. मग साबणपाणी, बर्फ. चुना लावणं, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका. डंखाच्या जागी जो वास सुटतो तो बाकीच्या माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो, आणि त्यातला मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासाचा. म्हणून पेटीजवळ केळं खात जायचं नाही. हा नियम मुलांना एकदा सांगितला की कायमचा लक्षात राहतो. अत्तर, वासाचं तेल, काळे कपडे, मोकळे केस हेही नको.

डंखाजवळ दोन दिवस सूज आणि खाज येते, ते चालायचंच. पण काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-चेहरा सुजला, श्वास लागला, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर घरगुती उपाय नाही, १०८ ला फोन आणि जवळचं रुग्णालय. तोंडात किंवा घशात डंख बसला किंवा एकदम खूप बसले तरीही तेच. घरात कुणाला आधी अशी रिॲक्शन आली असेल तर पेटीचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

उघडायची तेव्हा

हंगामात आठ-दहा दिवसांतून एकदा, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, दहा ते बाराच्या दरम्यान. ढगाळ, वाऱ्याच्या, पावसाच्या दिवशी नाही. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा, नारळाची शेंडी किंवा गोवरी. धूर पांढरा आणि हाताला थंड लागला पाहिजे. दारात दोन-तीन फुंका, मिनिटभर थांबा. धुराने इशाऱ्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरून घ्यायला लागतात, म्हणून नरमतात. त्यांना धुपवून काढायचं नाही.

आधी कडेची चौकट काढून ठेवा म्हणजे बाकीच्यांना सरकायला जागा होते. चौकट पेटीच्या वरच धरा, बाहेर नाही. राणी खाली पडली तर पेटीतच पडेल. आणि चौकट आडवी करू नका. सातेरीचं नवं पोळं मऊ असतं, मधाच्या वजनाने तुटून हातात येतं. दुसरी बाजू बघायची तर चौकट उभीच ठेवून फिरवा.

काय बघायचं? अंडी आहेत का, पिल्लं मोत्यासारखी पांढरी आहेत का, कडेला मध आणि पराग आहे का. नरांच्या घरांची झाकणं उंचवट्याची आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखं भोक असलेली असतात. सातेरीची ही खूण आहे, आणि ती पहिल्यांदा हेरतं ते बहुधा मूलच. अशी घरं वाढली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची लांबट घरं लोंबायला लागली, की वसाहत फुटून अर्ध्या माश्या निघून जायच्या बेतात आहे असं समजा आणि शिकवणाऱ्या मधपाळाला फोन करा. झाकणाखालची पिल्लं मरून पाण्याच्या पिशवीसारखी झालेली दिसली तरी फोन करा. तो थाई सॅकब्रूड असू शकतो. १९९१-९२ मध्ये या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती बसवल्या होत्या.

सगळं पंधरा मिनिटांत उरकायला हवं. आणि तळपाट दर आठवड्याला खरवडून पुसायचं, कारण तिथल्या मेणाच्या चुऱ्यात मेणकिडा अंडी घालतो. वसाहत मोठी असेल तर माश्याच त्याला हुसकावतात. कमजोर वसाहतीला जास्तीच्या रिकाम्या चौकटी देऊ नका, माश्या नसलेलं पोळं म्हणजे मेणकिड्याला आमंत्रण.

वेडे राघू आणि कोतवाल तारेवर बसून माश्या टिपतात. टिपू द्या. त्याने भरली वसाहत संपत नाही, आणि मुलांना आणखी एक पान मिळतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. माश्यांना बाहेर पडता येत नाही. मधकोठी उतरवा, पेटी थोडी पुढे कललेली ठेवा म्हणजे आत पाणी साचणार नाही, वर पत्रा आणि दगड. साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन, पाणी उकळून, पाक गार करून पाव लिटरच्या आसपास आठवड्यातून एक-दोनदा द्या. पेटीच्या आत, संध्याकाळी, न सांडता. वर काटक्या तरंगत ठेवा. गूळ नको, त्याने माश्यांचं पोट बिघडतं. दुकानातला मधही नको, त्यातून रोग येतो. फुलोरा सुरू झाला की पाक बंद, नाहीतर मधकोठीत साखरच भरेल.

मध

वसाहत भरली, पिलाव्याची कोठी माश्यांनी खच्चून गेली, की वसंतात मधकोठी चढवा. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच ती काढायची. उघड्या घरांतल्या मधात पाणी जास्त, तो आंबतो. खालच्या पिलाव्याच्या कोठीतला मध त्यांचा, त्याला हात लावायचा नाही. पोळं पिळायचं तर नाहीच. झाकणं सुरीने कापून चौकट मधयंत्रात फिरवायची आणि रिकामं पोळं परत द्यायचं. यंत्र ओळखीच्या मधपाळाकडून मागून आणा. फुलोरा चांगला असेल त्या भागात सातेरी वर्षाला ५-१० किलो देते, शहराच्या कडेला त्याहून कमी.

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हा मध बोटभरही चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं ते झेलू शकत नाही. थंडीत मध दाणेदार झाला तर तो भेसळीचा समजून टाकू नका, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो.

एक बरणी शेजाऱ्यांची, शर्टाच्या ठिपक्यांसाठी. आणि मध काढण्याचं काम बंद खोलीत, संध्याकाळी करा. भांडी, यंत्र, फरशी त्याच रात्री धुवून टाका. सकाळी एखादं चिकट पातेलं अंगणात राहिलं तर दहाच्या आत सगळी पेटी त्यावर येते, मागोमाग गल्लीतल्या आग्या माश्याही, आणि मग दुपारपर्यंत कुणी दाराबाहेर पडू शकत नाही.